पगाराचा आठवडा

मला चारशे बारा माणसांचे आकडे पाठ आहेत.
मुद्दाम केले नाहीत; झाले,
लहानपणी पावकी-निमकी व्हायची तसे.

लीड्समधल्या या जुन्या गिरणीत
पूर्वी जवसाचं सूत काढायचे.
आता आम्ही कुत्र्यांचं जेवण खोक्यांत भरून
घरोघर पाठवतो, दर मंगळवारी,
खोक्यावर कुत्र्याचं नाव.
भिंतीतले लोखंडी आकडे तेवढे राहिलेत,
त्यांना कुंड्या टांगल्यात.

मी आले तेव्हा एकतीस जण होतो.
कप ज्याचा त्याचा होता,
कोणाला ताप आला तर सगळ्यांना कळायचं.
आता ताप आला की तिकीट उघडावं लागतं.

नाताळच्या ऑर्डरींत डेस्मंडच्या कमरेला नागीण उठली.
मी त्याला आमच्याकडचं नाव सांगितलं.
बरोबर आहे, म्हणाला, वेटोळंच आहे.
डॉक्टरने विचारलं, कामाचा काही ताण?
तो म्हणाला, छे, आमच्याकडे बीनबॅग आहेत.

शुक्रवारी सगळे तळमजल्यावर जमतात.
रूपर्ट स्टुलावर चढतो, बिनमोज्यांचा,
आणि म्हणतो 'वी'.
वी वाढलो. वी एक कुटुंब आहोत.
वी ठरवलंय, यंदा पगारवाढ नाही.
इंग्रजीचं एका शब्दात भागतं.
मी मागे उभी राहून वाटण्या करते:
वाढलो ते आपण.
ठरवलं ते आम्ही.
रात्री अकरापर्यंत बसलो ते आपण,
म्हणजे खरं तर तुम्ही.
पिझ्झा आपला,
शेअर आमचे.

ब्रोनाने क्रिस्पिनला सगळं शिकवलं:
पुरवठादारांच्या खोड्या,
कोकराच्या मटणाचा ट्रक अडकला तर
पहाटे कोणाला उठवायचं.
हुद्दा एक, टेबल एक.
मधे सात हजार दोनशे पौंड.
मला ते दिसतात,
दोन खुर्च्यांमध्ये तिसऱ्या माणसासारखे बसलेले,
पाय पसरून.

मी चार पानांवर सह्या केल्यात.
तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना,
तसंच; फक्त बुक्क्या दुसऱ्याला बसतात
आणि तोंड माझं दाबलेलं.

बुधवारी किचनमध्ये ब्रोना म्हणाली,
तू बघतेस सगळं. एवढंच सांग,
मी वेडी आहे का?
मी फ्रिजमध्ये दूध शोधत राहिले.
ओटचं होतं, बदामाचं होतं, सोयाचं होतं,
गायीचं संपलेलं.
मग म्हटलं, तुझा आकडा माझ्या तोंडून येणार नाही.
त्याचाही नाही.
पण माझा माझा आहे.
आणि सांगितला.
आईलाही कधी सांगितला नव्हता;
ती विचारायची, मी म्हणायची, भागतं.

ब्रोना हसली नाही. तिने तिचा सांगितला.
मला ठाऊकच होता,
तरी मी तो पहिल्यांदा ऐकला.
स्क्रीनवर त्याला आवाज नव्हता.

दारात गोदामातली एक मुलगी थांबली होती, हातात कप.
नाव आठवेना, आकडा आठवला.
तिने विचारलं, आर वी अलाउड?
त्या 'वी'पाशी मी जरा थबकले.

गुरुवारी पगार गेले. बेरीज जुळली.
ती नेहमीच जुळते.

शुक्रवारी निरोप आला, साडेचारची वेळ,
मथळा: वी नीड टू टॉक.
रूपर्टच्या स्टुलाभोवती माणसं विरळ होती.
किचनचं दार लोटलेलं, आत किटली उकळत होती
आणि कोणीतरी हळू आवाजात
पाढे म्हटल्यासारखं काही म्हणत होतं,
एकाचं झालं की दुसरं.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती.
मी माझा कप शोधला.